वस्तीच्या गाडीचा सप्ता

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

ही डायरी बँकेने जानेवारीत दिली होती. आजवर ती मिक्सरच्या पायाखाली होती, तो डगमगतो म्हणून. आज काढून घेतली. बायको, देवकी, म्हणाली, "आता मिक्सराक काय लावू?" मी म्हटलं, इतिहास मिक्सरपेक्षा मोठा असतो.

कारण तसंच आहे. आज मी 'आंबेखोल वस्तीची गाडी बचाव समिती'चा अध्यक्ष झालो. एकमताने. उपाध्यक्ष पांडुरंग.

सरकारी गाडी संध्याकाळी पणजीहून निघते, रात्री आमच्या पिंपळाखाली मुक्काम करते आणि सकाळी उजाडताना परत जाते. तिला आम्ही वस्तीची गाडी म्हणतो. माझ्या लहानपणापासून आहे. एक डिसेंबरपासून ती बंद, असं कंडक्टरने सांगितलं. कारण म्हणे अर्धी रिकामी जाते, आणि आता दारोदार स्कूटर आहेत. संध्याकाळी पाचनंतर गावात यायला दुसरी बस नाही, याचा विचार पणजीत कोण करणार! माझं डोकंच फिरलं. वीज खात्यात लाईनमन म्हणून उभं आयुष्य खांबावर काढलं, पण अन्याय दिसला की माझा फ्यूज अजून उडतो.

आमची मुलगी गौरवी पणजीला रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. याच गाडीने जाते-येते. काळोखात स्कूटर चालवायची नाही, हा माझा नियम. बातमी ऐकून ती शांतपणे म्हणाली, "मैत्रीण खोली बघता पणजीत. डिसेंबरपासून थंयच रवान." आणि स्टुलावर चढून माळ्यावरची निळी बॅग काढली. अहो, अजून तीन आठवडे आहेत, एवढी घाई कसली! बॅग आता मधल्या खोलीत भिंतीला टेकून ठेवली आहे. जाता-येता पायात येते.

हे सगळं मी गावासाठी करतोय. गौरवीचा यात काही संबंध नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

देवळाच्या मंडपात जाहीर सभा. उदंड प्रतिसाद! गाव इतका लोटला की देवळासमोर स्कूटर ठेवायला जागा उरली नाही. मलाच माझी स्कूटर पार तळीकडे लावून चालत यावं लागलं.

मी पाऊण तास बोललो. पांडुरंग म्हणाला, लोक भारावून गप्प बसले होते. मागच्या ओळीत एक-दोघांनी डोळे मिटलेले मी पाहिले. फलकावरचं घोषवाक्य माझं आहे: 'वस्तीची गाडी आमच्या गावची, आमच्या गावच्या माणसांची!'

सभेच्या शेवटी भाटातल्या, म्हणजे माडांच्या बागेतल्या, चाळीतला केरबा आला. कोल्हापूरकडचा. ती पलीकडची सगळी चाळ कोल्हापूर-बेळगावकडच्या कामगारांची आहे, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत नाहीतर बांधकामावर जाणारे. वर्षानुवर्षं राहतात, पण आमचं त्यांच्याकडे जाणं-येणं नाही. केरबा पायरीखाली चप्पल काढून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, चाळीतली माणसं बी येऊ का आंदोलनाला?" मी काही म्हणायच्या आत पांडुरंगाने सांगून टाकलं, "ही गावची बैठक आसा रे बाबा." केरबा मान हलवून गेला. सभ्य माणूस वाटला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज रास्ता रोको. पहाटे उठून गावाच्या तोंडाशी, ओढ्यावरच्या मोरीजवळ रस्त्यात आडवे बसलो. मी, पांडुरंग आणि पंधरा-वीस जण. थंडी होती, पण रक्त गरम होतं.

पहिला आला सायकलवरचा पदेर, आमचा पाववाला. त्याला कुणी अडवेना. उंडे थांबवून गावाशी वैर कोण घेणार? उलट पांडुरंगाने उठून फलक बाजूला धरला आणि चार उंडे घेतले.

दुसरं वाहन आलं ते खुद्द वस्तीची गाडी.

आता अडवायचं म्हणजे अडवायचं, त्यात भेदभाव करता येत नाही. आम्ही घोषणा सुरू केल्या. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवली. केरबा दारातून उतरला आणि अगदी हात जोडून म्हणाला, "साहेब, हीच गाडी वाचवायची हाय न्हवं? मग हिलाच कशाला अडीवलंय?" प्रश्न तात्त्विक होता. मी म्हटलं, यावर समितीत चर्चा करू. त्याच्या मागून एक बाई ओरडली, "चर्चा करा निवांत, आमची हजेरी जातीया तिकडं!" ती त्याची बायको, मंजुळा. तोंडाने फटकळ आहे.

तिसऱ्या खिडकीत गौरवी होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मोबाईलमध्ये तोंड घातलं.

तोवर मागे बाबलीचा मासळीचा टेंपो येऊन लागला. बाबली चोपड्याचा. खाडीची, दर्याची, सगळी मासळी आम्हाला त्याच्याच हातची. तो खाली उतरून थेट माझ्यावर आला. "अरे मेल्या जयराम, बर्फ वितळता माझो! बांगडो काय तुझ्या भाषणाक थांबतलो?" मी म्हटलं, बाबली, त्याग करायला शिक. तर म्हणाला, "व्हय, शिकतंय! आता तुमीच शिका." आणि टेंपो मागे फिरवून गेला.

एकंदरीत आंदोलन यशस्वी. वाहतूक पूर्ण ठप्प झाली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बाबली गावात येत नाही. रोज मोरीपर्यंत येतो, तिथे भोंगा वाजवतो, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा, आणि परत फिरतो. बायका सूप-टोपल्या घेऊन धावतात तोवर टेंपो वळणापलीकडे गेलेला असतो. तुळशीचं लग्न होऊन थंडी पडायला लागली, बांगड्याचे हे दिवस, आणि आंबेखोलात मासळी नाही.

काल आमच्याकडे वरण-भात. आजही वरण-भात. मी देवकीला म्हटलं, आंदोलनात एवढं सोसावंच लागतं. ती म्हणाली, "सोसा तर."

तळीवर कपडे धुणाऱ्या बायका मला पाहून गप्प झाल्या. दुकानावर एकाने विचारलं, "अध्यक्षानू, आंदोलन कधी संपता?" मी म्हटलं, मागणी मान्य होईस्तोवर नाही. तो म्हणाला, "तोवर आम्ही काय गवत खावया?" गाडी बंद होणार म्हणून कोणी माझ्याशी इतक्या पोटतिडकीने बोललं नव्हतं. लोकांना मूळ प्रश्न समजावून सांगायला हवा. एक पत्रक काढावं म्हणतो.

मंजुळेची आणि केरबाची त्या दिवशी अर्धी हजेरी कापली गेली, असं गौरवी जेवताना म्हणाली. तिला कसं ठाऊक, विचारलं नाही. गौरवीलाही लॅबमध्ये बोलणी खावी लागली. नंतर ती बॅगेत दोन स्वेटर ठेवत होती. पणजीत कसली आलीय थंडी!

१७ नोव्हेंबर, सोमवार

पिंपळाखाली मांडव घालून साखळी उपोषण सुरू. रोज पाच जण बसणार. यादी तयार आहे. आज त्यातले दोन आले, मी धरून.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पांडुरंग दुपारी "देहधर्माक जावन येतंय" म्हणून उठला. तासाभराने मी पाय मोकळे करायला कोपऱ्यावरच्या हॉटेलकडे गेलो तर उपाध्यक्ष आतल्या मेजावर बसून पाव-भाजी खात होते. वर मिरचीही होती. मला बघून म्हणाला, "अरे, उपोषण साखळी आसा न्हय? मी आता दुसऱ्या कडीक दिलंय." दुसरी कडी कोण ते सांगेना.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज मांडवात मी एकटा.

स्कूटरवाले जातात, हॉर्न वाजवतात, हात करतात, पुढे जातात. एकजण थांबला. मला वाटलं बसायला आला. त्याने पत्ता विचारला.

संध्याकाळी वस्तीची गाडी आली. गौरवी उतरली. तिच्याबरोबर ती मंजुळा. मंजुळेने पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि काही न बोलता माझ्यापुढे ठेवली. मग दोघी आमच्या घराच्या दिशेने गेल्या. चाळीची वाट खरं तर उलट्या बाजूला आहे.

अकरा दिवस राहिले. माझं मन कशातच नाही. रात्री जेवणावर बसून जेवलो नाही, तर देवकी म्हणाली, "उपोषण दिवसाचा आसा, रातचा न्हय." मी तिला सांगून टाकलं, पोर गेली की घर खायला उठेल. संध्याकाळी त्या गाडीचा आवाज आला की मी जनेलापाशी, खिडकीशी, जाऊन उभा राहतो, पंधरा मिनिटांत फाटक वाजतं, की माझा दिवस संपतो. ते फाटकच वाजणार नसेल तर मी संध्याकाळचं करायचं काय?

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी देवकी भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "श्रावणात सप्त्याक सात दिवस, रातभर, माणूस कमी पडणा नाय. आणि तुमच्या मांडवात दिवसाउजेडी एकलो गावणा नाय. कित्याक, सांगा बघू?" मी म्हटलं, तिथे देव असतो. ती म्हणाली, "देव तर बारा महिने आसता. सप्त्याक पार आसता." एवढं म्हणून ती तव्याकडे वळली. बायकांचं बोलणं कुठून कुठे जाईल सांगता येत नाही.

नंतर आंघोळ करताना मला एक जबरदस्त कल्पना सुचली. आंदोलनाचा सप्ताच का करू नये?

हे कधी कोणी बाहेरच्याने वाचलं तर म्हणून लिहितो. आमच्या देवळात श्रावणात सात दिवस भजन अखंड चालतं. खंड पडता कामा नये. म्हणून एकेका वाड्याला एकेक पाळी नेमून दिलेली असते. तिला पार म्हणतात. आपल्या पाराला माणसं कमी आली, टाळ थांबला, तर वाड्याचं नाक कापलं. मग वर्षभर बाकीचे वाडे त्यांना तोंड वर काढू देत नाहीत. म्हणून आजारी माणूससुद्धा घोंगडी पांघरून आपल्या पाराला येऊन बसतो.

तर पिंपळाखाली सात दिवस भजन. सकाळी गाडी निघाल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत. रोज एका वाड्याचा पार. देवकीला सांगितलं तर म्हणाली, "बरा सुचला हां तुमका." कौतुकाने म्हणाली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बैठक. काय सांगू! उपोषणाच्या यादीत नाव घाला म्हटलं की ज्यांना गुडघेदुखी आठवायची, ते आज पहिल्या पाराच्या मानावरून हातघाईवर आले. देऊळवाडा म्हणतो पहिला मान आमचा. खालच्या वाड्याची शालिनी, फुगडीच्या गटाची पुढारीण, उभी राहून म्हणाली, "देवळात तुमचो मान. हंय पिंपळ आमच्या हद्दीत आसा!" दोन तास भांडण. मला फार बरं वाटलं. एवढी माणसं आंदोलनासाठी प्रथमच भांडत होती. शेवटी देऊळवाड्याला सोमवार, खालच्या वाड्याला मंगळवार, अशी वाटणी झाली.

घोळ असा की वाडे सहा आणि दिवस सात. रविवारी तीसला गावात दोन लग्नं आहेत, त्यामुळे तो दिवस कोणी घेईना. मग देवकी, जी बायकांत मागे बसली होती, तिथूनच म्हणाली, "आयतवार चाळीक देवा. त्यांका सुटी आसता."

मग पांडुरंग म्हणाला, "चाळीक देवळात पार नाय." देवकी म्हणाली, "हो सप्तो देवाचो खंय? गाडयेचो. आणि गाडयेत रोज कोण बसता?" तोवर सगळ्यांना भूक लागली होती, म्हणून ठराव मंजूर झाला. अध्यक्ष म्हणून मी तटस्थ राहिलो. घरी येऊन तिला म्हटलं, निदान आधी विचारायचं तरी. ती म्हणाली, "मी सकाळी मंजुळेक विचारलंय."

मी 'मला' म्हणत होतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

देऊळवाड्याचा पार. पेटी, तबला, बारा टाळकरी. गाडी निघताना ड्रायव्हरच्या आरशाला हार घातला. दिवसभर माणूस हलला नाही. दुपारी मी आंदोलनाची भूमिका मांडायला उठलो. माझी भाषा इतकी ज्वलंत असते की ऐकणाऱ्याच्या घशाला कोरड पडते. सुरुवात करताच बहुतेक सगळे चहाला गेले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

खालच्या वाड्याने कालच्या दुप्पट माणसं आणली. शालिनीच्या गटाच्या फुगड्या झाल्या. देऊळवाड्याची माणसं आपला पार नसताना फक्त मोजायला आली आणि फुगड्या बघत बसली.

पण खरी गंमत दुपारनंतर. खालच्या वाड्याचा गवई गाताना सारखा चढ्या पट्टीत घसरत होता. मोरीकडून भोंगा वाजला, नेहमीसारखा. पण आज टेंपो वळला नाही. सरळ आत आला. बाबली खाली उतरला, माशांचे हात पंचाला पुसले आणि पेटीवाल्याला म्हणाला, "आंदोलन गेला खड्ड्यात, पण असो बेसूर काढू नुकात रे! तीन दिवस मोरीवरसून ऐकतंय, कान किटले." तीन दिवस कुठले, सप्ता कालच सुरू झाला. पण बाबली पेडणे तालुक्यातला नावाजलेला भजनी, त्याला कोण अडवणार? बसला आणि असा गायला की रस्त्यावरचे स्कूटरवाले इंजिन बंद करून थांबले. रस्ता आपोआप अडला. कुणी तक्रार केली नाही.

मग टेंपो उघडला. आज घरी बांगड्याचं हुमण, झणझणीत कालवण. मी दोनदा भात घेतला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहायला वेळ नाही. परवा मधल्या वाड्याने बांबू आणि रंगीत कागदाची अख्खी बस बनवून वाजत-गाजत आणली. कालच्या वाड्याने त्यावर चिडून दोनशे माणसांना फोव, म्हणजे पोहे, केले. शेजारच्या गावांतून लोक बघायला येतात. वस्तीच्या गाडीचा कंडक्टर म्हणाला की डेपोत सगळीकडे हीच चर्चा आहे, मोठे साहेबही विचारत होते. माझ्या पत्रकाचा परिणाम दिसायला लागला.

गौरवीची बॅग भरली आहे. चेन लावलेली दिसली.

३० नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते लिहावं की नाही, कळत नाही. पण इतिहास म्हटला की सगळंच आलं.

चाळीचा पार. गावातले सगळे लग्नाला जाणार होते, पण लग्नं आटोपून नवऱ्या-नवरदेवांसकट वऱ्हाड पिंपळाखाली आलं. चाळीची माणसं पाराला कमी पडतील असं देऊळवाड्याला वाटत होतं, ते बघायचं होतं त्यांना. कमी कसली पडतात! हलगी, टाळ, तुणतुणं. केरबाचा आवाज काय खडा आहे! बाबलीने दोनदा "वा" म्हटलं, आणि बाबली दुसऱ्याला वा म्हणत नाही.

चारच्या सुमाराला पणजीहून गाड्यांचे मोठे साहेब आले. सुटीच्या दिवशी, स्वतः. बाहेरगावचे असले तरी भजनी माणूस निघाला. सतरंजीवर मांडी घालून बसला.

आणि नेमकं तेव्हा चाळीने सोंगी भजन सुरू केलं. त्यांच्याकडे भजनात मधेमधे सोंगं आणतात. मंजुळेने कंडक्टरची टोपी घातली. चार पोरं एकामागे एक ओणवी, ती गाडी. मग केरबा आला. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, डोळ्यांवर चष्मा, हातात फलक. आणि मांड्यांमध्ये एक केरसुणी, तिची स्कूटर! तोंडाने फुर्रफुर्र करत त्याने गाडीला तीन फेऱ्या मारल्या, गाडीपुढे केरसुणी आडवी लावली आणि ओरडला, "थांबा! तुम्हाला वाचवायचं हाय!"

मला आधी कळलंच नाही. शेजारी पांडुरंग लोळायला लागला तेव्हा कळलं. अख्खा गाव हसत होता. नवरीच्या मुंडावळ्या सुटल्या. शालिनी डोळ्यांना पदर लावून हसत होती. साहेबही हसत होते.

मग साहेब उठले आणि म्हणाले, "छान. आता खरं सांगा, या गाडीने रोज कोण कोण जातं? हात वर करा."

चाळीचे हात वर गेले. कॉलेजच्या चार-पाच पोरांचे. गौरवीचा. बस्स. एवढा मोठा गाव, सात दिवस घसा फोडून गात होता, आणि सगळे हात मांडीवर. कुणी पिंपळाकडे बघत होतं, कुणी टाळ पुसत होतं. साहेब माझ्याकडे वळले. "अध्यक्ष, तुम्ही?"

मी तोंड उघडण्याआधी मागून सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिलं, "स्कूटर!"

साहेब म्हणाले, तीन महिने गाडी ठेवतो. भरली तर राहील, नाहीतर बंद. जल्लोष झाला. मला खांद्यावर घ्यायला कुणी आलं नाही. केरबाला घेतलं.

मला राग आला आहे. केरबाचा नाही, त्याने नंतर येऊन पायाला हात लावला, "मनावर घेऊ नगा साहेब, सोंग हाय." राग गौरवीचा आला. सगळ्यांत जास्त तीच हसली, पोट धरून. पण तिला अशी हसताना बघून किती महिने झाले होते, हेही तितकंच खरं.

घरी आल्यावर मी म्हटलं, आता बॅग वर ठेव. ती म्हणाली, "तीन महिन्यांचा काय ता बघूया. खोली मैत्रिणीन धरून ठेवली आसा. बॅग थंयच रवांदे."

१ डिसेंबर, सोमवार

आज वस्तीच्या गाडीने पणजीला गेलो. बारा-तेरा वर्षांनी बसलो असेन. गाडी भरायची म्हणजे भरायची.

गौरवीच्या पुढे आत शिरलो तर मंजुळेच्या शेजारच्या जागेवर तिचा डबा ठेवलेला. मी उचलायला गेलो तर ओरडली, "ती गौरवीची जागा हाय!" मग मला ओळखून म्हणाली, "अगं बया, गौरवीचं बाबा! ए, सरका रं, गौरवीच्या बाबांना बसू द्या." सगळी गाडी सरकली. गावात मी अध्यक्ष आहे. तिथे कुणी तसं म्हणालं नाही.

मंजुळा उतरेपर्यंत बोलत होती. गौरवीला डब्यातलं काय आवडतं, तिला कोणत्या वळणावर मळमळतं, गेल्या पावसात ताप असताना कशी गेली होती. संध्याकाळी उतरल्यावर आमच्या फाटकापर्यंत रोज तीच सोडते. "पोरीची जात, काळोख असतोय, मग मी जाते की माझी." दोन वर्षं मी जनेलातून फाटक ऐकतो. फाटकाबाहेर कोण उभं असतं ते कधी पाहिलं नाही.

पणजीत माझं काहीच काम नव्हतं. बागेत बसलो. एक उंडा आणि भाजी खाल्ली. परत बागेत बसलो. संध्याकाळच्या गाडीने आलो.

१० डिसेंबर, बुधवार

वाड्यांनी आता गाडीतही पार लावले आहेत! आज खालचा वाडा गाडीने म्हापशाला गेला, उद्या मधला. शालिनी म्हणते, बाजार करून गाडीने यायला बरं पडतं, पिशवी मांडीवर घेता येते. ती आता रोजच जाते. केरबाने वसाहतीत कामाला जाणाऱ्या दुसऱ्या चाळीच्या माणसांना आणलं. ती माणसं आधी ठेकेदाराच्या टेंपोत कोंबून जायची. गाडी छान भरते.

मी रोज जातो. बागेतला माळी आता मला ओळखतो. काल विचारत होता, घरी काही त्रास आहे का?

२२ डिसेंबर, सोमवार

आज गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी नेहमीप्रमाणे बसलो होतो, 'गौरवीचे बाबा' म्हणून मला जागा मिळतेच. केरबा दांड्याला धरून उभा होता. काल रविवारीही ओव्हरटाईम केला होता त्याने, उभ्या उभ्या डोळे मिटत होते. मंजुळाही उभी. मी आपला खिडकीशी, पणजीला बागेत बसायला चाललेलो.

रात्री गौरवी माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "बाबा, फाल्यापासून तुम्ही येव नुकात."

मी विचारलं, का?

"गाडी भरान जाता. तुम्ही बसल्यार केरबामामांका उभ्यान जावचा लागता." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही गाडी वाचवलात. आता ती आमका देवा."

मला भरून आलं. वाईट वाटलं की बरं वाटलं, ते कळलं नाही. मी डास मारत असल्याचं दाखवलं.

२३ डिसेंबर, मंगळवार

आज गेलो नाही. पण झोपही लागेना, म्हणून पिंपळापर्यंत पोचवायला गेलो. चालत. केरबा चढला, मला हात केला आणि माझ्या जागेवर बसला. म्हणजे त्याच्या जागेवर. मंजुळेने डबा उचलला, गौरवी बसली. गाडी मोरीपलीकडे दिसेनाशी होईपर्यंत मी उभा होतो. हार घातलेला दिसला नाही, कोण रोज घालणार.

निघताना गौरवी दारातून म्हणाली होती, "बाबा, आज घराकडेच आसात न्हय? ती बॅग तेवढी माळ्यावर घाला. पायात येता."

घरी येऊन उचलली. रिकामी होती. स्वेटर कपाटात परत गेलेले, कधी ते मला कळलंही नाही. स्टूल देवकीने धरलं होतं, आणि मी खाली उतरल्यावरही तिने ते थोडा वेळ तसंच धरून ठेवलं.

उद्या बुधवार. बाबलीला बांगडे सांगून ठेवले आहेत, गौरवीच्या डब्याला. चार जास्त घेईन, मंजुळा आणि केरबाला.

मिक्सर परत डगमगायला लागलाय, देवकीने ही डायरी मागितली आहे. देतो.